तिच्या वाटीतले दाणे

जळगावला मास्तर असताना माझ्याकडे एक छोटी पितळी दुर्बीण होती आणि एक खूळ होतं. आकाशगंगेत धूळ आहे, तिच्यामागचे तारे मंद आणि तांबूस दिसतात, असं मी वाचलं होतं. कपाशीच्या गाड्या गेल्यावर चोपड्याच्या रस्त्यावरून मावळता सूर्य दिसतो, तसे. ती धूळ कुठे दाट, कुठे विरळ, याचा मला नकाशा करायचा होता.

त्यासाठी एखादा तारा शेजारच्या ताऱ्याहून किती मंद, हे नजरेने ठरवावं लागे. एकाच्या नजरेवर भरवसा ठेवून चालत नाही; माणसाला आपलंच खरं वाटतं. म्हणून बायकोही बघायची. कंदिलाने डोळे दिपतात, तेव्हा लिहिणं नाही. घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, आम्ही दोन वाट्या घेऊन बसायचो. रात्री एकच तारा. तो जितका मंद, तितके तुरीचे दाणे ज्याने त्याने आपल्या वाटीत टाकायचे आणि सकाळी मोजेपर्यंत बोलायचं नाही. हा नियम तिचा.

"तुमनं ऐकीसन मी कसाले सांगू? माले जे दिसी, तेच टाकसू," ती म्हणाली होती.

शेजारी म्हणत, मास्तरीणबाई आभाळातली डाळ निवडतात.

तांबडा तारा असला की तिचे दाणे माझ्याहून दोन जास्त निघत. हटकून. आधी मी चिडायचो. मग कळलं, तिच्या डोळ्यांना तांबडं कमी उजळ दिसतं.

विषमज्वराने ती गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी, आमचा एक पांढरा तारा मला मंद आणि तांबूस दिसू लागला. त्याच्यापुढे धूळ आली, की माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला? ती असती तर एका रात्रीत निकाल लागला असता. तारा खरंच तांबडा असता, तर तिच्या वाटीत दोन दाणे जास्त पडले असते.

थोरली बहीण राहायला आली होती. तिला दुर्बिणीशी बसवलं.

"भाऊ, माले त बठ्ठा तारा सारखाच दिसतस," म्हणत अक्का खाली झोपायला गेली.

मी दोन्ही वाट्या पुढ्यात घेतल्या. माझ्या वाटीत पाच दाणे टाकले. बायकोच्या वाटीत सात. तोंडातून शब्द काढला नाही.

सकाळी तिची वाटी मोजली. दोन जास्त. असणारच, मीच टाकले होते. ती गेली त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.