हात बघून

आकाराम हवालदाराच्या आणि माझ्या दुकानाच्या मध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीनं मला आयुष्यभर पिडलं. मी शिंपी. तो गांजा विकायचा. चोरून नव्हे, राजरोस. सरकारी लिलावात ठेका घेऊन, दारावर 'गांजा व भांग, सरकारमान्य' अशी पाटी लावून. इंग्रजांच्या अमलात तासगावच्या पेठेत हे दुकान किराणा दुकानाइतकंच उजळ माथ्यानं चालायचं. पण वास! मी मन लावून नवरीची चोळी शिवावी आणि सासूनं नाक मुरडून विचारावं, "ही चोळी कुणा गोसाव्यानं शिवली का काय?" मी चिडून भिंतीवर गज आपटायचो. पलीकडून शांत आवाज यायचा, "मास्तर, भिंतीला चुना लावा. वास भिंतीतनं येतो, माज्यातनं न्हाई."

पहिल्या महायुद्धात तो इराकात बसऱ्याला कोत हवालदार होता, म्हणजे पलटणीच्या हत्यारांची कोठी त्याच्या ताब्यात असायची. दुकानही तो तसंच चालवायचा. गिऱ्हाईक रांगेत उभं राहिलं पाहिजे, पायताण बाहेर पाहिजे, आणि दुकानात चिलीम पेटवायची नाही. स्वतः तो सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. एकदा मी त्याला खिजवलं, "हवालदार, गांजा कसा लागतो हे तुला माहीत नाही, मग विकतोस कसा?" त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमी कवा चोळी घातली हाय का?"

त्याचा खरा नियम मात्र दुसराच होता. गिऱ्हाईक पुढं आलं की तो तागडीला हात लावायच्या आधी म्हणायचा, "हात बघू." गिऱ्हाइकानं दोन्ही पंजे पुढं धरायचे. परगावचा नवखा माणूस त्याला ज्योतिषीच समजायचा. आकाराम पंजे निरखायचा. हात कापत असले तर त्या दिवशी माल नाही. मग डोळे बघायचा, आणि विचारायचा, "जेवलास का?" उपाशी असेल तर, "आदी भाकरी खाऊन ये." पोरासोरांना तर तो दारातूनच हाकलायचा. गावातले बडे बागायतदार लालासाहेब, चांगले दोन मळे उसाचे, त्यांच्या पोराला त्यानं असंच हाकललं. संध्याकाळी लालासाहेब काठी घेऊन दारात हजर. "माज्या पोराला न्हाई म्हंतोस? माज्याकडं काय कमी हाय व्हय?" आकाराम म्हणाला, "कमी काय न्हाई. पर पोरगं गांजा मागत व्हतं." लालासाहेबांची काठी तिथंच खाली आली. वळून ते मळ्याच्या वाटेला लागले, आणि त्या रात्री मळ्यावर त्या काठीनं पोराच्या पाठीचं काय केलं ते पेठेत सगळ्यांना कळलं.

त्याची बायको मनूबाई या धंद्यावर उखडलेली असायची. दुकानातला झाडून काढलेला केर ती परसात न्हाणीमागं टाकायची. त्यात गांजाचं बी असायचं. पावसाळा लागला की तिथं हिरवीगार रोपं तरारायची, आणि मनूबाई दरसाल ती मुळासकट उपटून टाकायची. "दुकानात आसंल ते आसंल, माज्या परसात नगं," म्हणायची.

त्याच्या गिऱ्हाइकांत सिद्धू धनगर मला आवडायचा. तो जतकडचा. तिकडं पाऊस कसला आणि गवत कसलं! दिवाळीच्या सुमारास तो मेंढरं घेऊन आमच्याकडं उतरायचा आणि खताच्या बोलीवर लालासाहेबांच्या रानात कळप बसवायचा. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकायचा आणि आपणच हसायचा. तरुणपणी बैलगाडीचं चाक त्याच्या गुडघ्यावरून गेलं होतं. हाड कसंबसं जुळलं, पण दिवसभर मेंढरांमागं चालून रात्री उघड्या रानात अंग टाकलं की तो गुडघा त्याला झोपू देत नसे. दिवस मावळला की एक चिलीम, मग झोप. एकीच्या दोन कधी केल्या नाहीत. त्याची बायको सुलाबाई म्हणायची, "दारू प्याला आसता तर मी कवाच म्हायारी गेली आसती. ह्येच्या चिलमीनं माजं काय वाकडं केलं न्हाई."

एकोणपन्नास साली मुंबई सरकारचा दारूबंदीचा कायदा आला, आणि दारूबरोबर गांजाही त्यात बसला. कायदा समजावून सांगायला मामलेदारांनी चावडीपुढं सभा घेतली. मामलेदार भला माणूस होता. दारूनं मोडलेल्या संसारांबद्दल तो कळवळून बोलला, बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी त्यानं विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे?" असं विचारायची एक रीत असते. त्यावर कुणी उठायचं नसतं. आकाराम उठला.

"सायब," तो म्हणाला, "दारूचं तुमी म्हंता ते खरं हाय. पर गांजाचं जरा ऐका. पाटी काढली म्हंजी गांजा जात न्हाई, पाटी तेवडी जाती. आज मी काय इकतो, किती इकतो, सरकारला ठावं हाय. उद्या बोळात कोण इकंल? त्यात काय मिसळंल? पोराला दील का म्हाताऱ्याला दील? बोळातला माणूस हात बगंल व्हय? आन ज्येचं हाड दुकतंय त्येनं काय करायचं? बैरागी, धनगर, म्हातारी माणसं, ह्येंनी चिलीम वडून कुनाचं घर जाळलं?"

मामलेदारानं त्याला झिडकारलं नाही. तो म्हणाला, "हवालदार, नाथाजी तुमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक ना? त्यानं कामधंदा सोडला. त्याची बायको माझ्याकडे रडत आली होती. तिला मी काय सांगू?"

आकाराम म्हणाला, "नाथाजीला मी बंद केला, सायब. पर उशीर केला. ते माजं चुकलं." एवढं बोलून तो थांबला असता तरी लोकांनी ऐकून घेतलं असतं. पण त्यानं पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "धंदा बुडाया लागला म्हणून कळवळा आलाय!" सगळी सभा खदखदून हसली. मला त्या हसणाऱ्यांचा असा राग आला म्हणून सांगू! निम्मे जण त्याच्याच रांगेत हात पुढं करून उभे राहिलेले होते. आकाराम खाली बसला. बायकांच्या घोळक्यात मनूबाई होती. तिनं सगळं ऐकलं आणि सभा उठायच्या आधीच ती घरी निघून गेली.

कायदा म्हणजे त्याला पलटणीचा हुकूम. ठरल्या दिवशी त्यानं उरलेला माल अबकारी खात्याच्या माणसांपुढं मोजून दिला, मोहरबंद करून दिला, पाटी उतरवली, आणि त्याच तागडीवर गूळ-शेंगा विकायला बसला. गुळाच्या धंद्यात त्याला काडीची गती नव्हती. सवयीनं तो गुळाच्या गिऱ्हाइकालाही रांगेत उभं करायचा. भिंतीतला वास हळूहळू गेला. खरं सांगतो, मला चैन पडेना.

दिवाळी झाली आणि सिद्धू आला. नेहमीसारखं पायताण बाहेर काढलं आणि दोन्ही पंजे पुढं धरले. आकारामानं मान हलवली. "बंद झालं, सिद्धू. सरकारनं बंद केलं."

"मग माजा गुडगा बी बंद करा म्हनावं सरकारला," सिद्धू हसत म्हणाला. पण आकाराम हसला नाही, तेव्हा त्याचं हसू मावळलं. "अण्णा, चिमूटभर. झोपायापुरतं."

"माज्यापाशी न्हाई. आसतं तरी दिलं नसतं. कायदा हाय." असं म्हणून त्यानं त्याला गुळाचा खडा दिला. एवढा मोठा धनगर हातातल्या गुळाकडं बघत उभा राहिला, मग लंगडत निघून गेला.

बैलबाजारामागच्या बोळात गुंडा नावाचा एक दलाल आता गांजा विकू लागला होता. तिथं ना पाटी, ना तागडी. नशा जोरात चढावी म्हणून तो त्यात धोतऱ्याचं बी कुटून घालायचा. सिद्धूला हे काय माहीत? त्यानं आपली रोजची एक चिलीम भरली.

सकाळी सुलाबाई ऊर बडवत आकारामाच्या दारात आली. मी तिच्या मागोमाग आकारामाबरोबर रानात धावलो. सिद्धू बांधावर बसून हवेतून काहीतरी वेचत होता. तोंड कोरडं पडून जीभ चिकटलेली, डोळ्यांत नुसती काळी बुबुळं. बायकोला ओळखत नव्हता. आयुष्य ज्या मेंढरांत गेलं त्या मेंढरांना भिऊन मागं सरकत होता. निम्मा कळप पांगून उसात शिरलेला. आकारामानं त्याला पाठीवर घेतलं. स्वतः साठीकडं झुकलेला, पण सिद्धूला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि तो शुद्धीवर येईपर्यंत उशापासून हलला नाही. सिद्धू वाचला. पण त्याच्या हातांना कंप सुटला तो सुटलाच. काठी धरली तरी काठी थरथरायची. दुखणारा गुडघा होता तिथंच होता.

आकाराम घरी आला आणि दुकानाच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मी शेजारी बसलो होतो. तो म्हणाला, "मास्तर, मी कायदा पाळला आन त्येला बोळात धाडलं."

आत मनूबाई भांडी घासत होती. ती बाहेर आली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आवं, न्हाणीमागं जाऊन बघा."

आम्ही गेलो. न्हाणीमागं, पडक्या भिंतीच्या आडोशाला, एक रोप होतं. पुरुषभर उंच, तुऱ्यांवर आलेलं. मनूबाईनं बाकीची उपटली होती. हे एकच ठेवलं होतं. आकाराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"सभेत लोक तुमाला हसली," ती म्हणाली. "मला ते आवडलं न्हाई."

एवढंच. जन्मभर ज्या झाडाला तिनं शिव्या घातल्या ते झाड तिनं नवऱ्याची लाज राखायला जगवलं होतं. मी कातर शोधायच्या निमित्तानं दुकानात निघून गेलो.

त्या झाडाचा माल आकारामानं वाळवला. सिद्धू संध्याकाळी मागच्या दारानं यायचा. पहिल्या दिवशी आकाराम म्हणाला, "हात बघू." सिद्धूनं हात पुढं केले. ते कापत होते. नियमाप्रमाणं द्यायचं नव्हतं. आकारामानं ते दोन्ही पंजे आपल्या पंजात धरले आणि कंप थांबेपर्यंत धरून ठेवले. मग दिला, एका चिलमीपुरता. छदामही घेतला नाही. असं रोज चाललं.

ही बातमी गुंडाला लागली. आणखीही एकदोन म्हातारे बोळात जायचे सोडून हवालदाराच्या मागच्या दारी जाऊ लागले होते. गुंडानंच चुगली केली असणार. एके दिवशी पोलीस जमादार आला, झाड उपटलं, आकारामाला घेऊन गेला. गुंडाच्या बोळात मात्र जमादाराची सायकल कधी दिसली नाही.

कोर्टात मी, मनूबाई, सिद्धू आणि सुलाबाई गेलो. मॅजिस्ट्रेट वयानं लहान होता, पण त्यानं कागद नीट वाचले होते. पलटणीतली नोकरी, वय, फुकट दिलेला माल, सगळं त्यानं पाहिलं. "गुन्हा कबूल आहे?" त्यानं विचारलं.

"कबूल हाय, सायब. झाड माजं, माल माजा."

मनूबाईनं तोंड उघडलं, तसा आकारामानं तिच्याकडं असे डोळे वटारले की ती जागच्या जागी गप्प झाली.

मॅजिस्ट्रेट म्हणाला, "हवालदार, तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला दिसतंय. कायदा मी केलेला नाही, पण तो मला चालवायचा आहे. पुन्हा असं करणार नाही एवढं म्हणा. समज देऊन सोडतो."

मी बाकावरून जवळजवळ उठलोच. म्हण की बाबा! एक वाक्य! जन्मात एकदा खोटं बोललास तर आभाळ कोसळणार आहे का? मनूबाईनं डोळे मिटून घेतले होते. आकाराम सावधान पवित्र्यात उभा राहिला. त्यानं मागं वळून सिद्धूकडं पाहिलं, मग पुढं.

"तसं कसं म्हनू, सायब? ह्यो उद्या दारात आला तर दीन." थोडं थांबून तो म्हणाला, "हात बघून दीन."

कोर्टात कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटनं टाक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. एक महिन्याची साधी कैद.

बाहेर शिपाई त्याला घेऊन निघाला, तेव्हा सिद्धू वाटेत आडवा आला. आपल्यामुळं हे झालं एवढं त्याला कळत होतं. त्यानं काठी बगलेत धरली आणि दोन्ही पंजे पुढं केले, तसे, रांगेत उभं राहून करायचा तसे. आकारामाच्या हातात बेडी होती. तो थांबला, वाकला, आणि डोळे बारीक करून ते पंजे नीट बघितले. शिपाईही थांबला.

"कमी झालं की रं कापायचं," आकाराम म्हणाला. "जेवलास का?"