एकेक घर सरकणारे बाबा

आई गेल्यावर बाबांना मी हिवाळ्यापुरतं म्हणून सांगलीहून इथे परदेशात, माझ्याकडे वॉटर्लूला आणलं. त्यांनी कायमचं इथेच राहावं, एवढीच माझी इच्छा. म्हणून बेसमेंट रंगवून घेतलं, लायब्ररीचं कार्ड काढलं, मराठी ज्येष्ठांच्या गटात न विचारता त्यांचं नाव घातलं. रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला की मी विचारायची, मग राहताय ना? ते म्हणायचे, "बघू."

खेळतानाही तीच तऱ्हा. बाबा जुन्या देशी पद्धतीत शिकले. तिच्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. आंतरराष्ट्रीय नियम त्यांना पाठ आहेत, पण खोड जात नाही. प्यादी एकेक घर पुढे, मागे उंट-घोडे दबा धरून, आणि पटाचा मध्य उदारपणे माझ्या हवाली. मी बापडी तिथे प्यादी दामटून साम्राज्य उभं करायची. चहा निवेपर्यंत त्याचा चुराडा.

"तू आधीच ठरवून मोकळी होतेस," ते म्हणायचे. "मी बघतो, तू काय बांधतेस. जेवढं पुढे जाशील तेवढं सांभाळावं लागतं. धक्का कुठे द्यायचा ते मी मग ठरवतो." हे बोलताना नजर बेसमेंटच्या नव्या रंगावर. मला झोंबायचं.

एका रविवारी मीही एकेक घर सरकले. आणि विचारलं काहीच नाही. दोन्हीकडे नुसती कुंपणं, कुणी कुणाला हात लावेना. म्हातारा अस्वस्थ झाला.

"आज विचारलं नाहीस?"

"तुमची खेळी आहे, बाबा."

त्यांनी मधलं प्यादं पुढे रेटलं. "मला परत जायचंय. तिथे मला हरवणारी माणसं आहेत. इथे एक तू, आणि तुला येत नाही."

मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. पण त्या प्याद्याच्या शेजारचं घर उघडं पडलं होतं. मी तिथे घोडा बसवला, मग बाजूने धक्का दिला, मग कोपऱ्यात दडवलेला उंट बाहेर काढला. बाबांनी आधी चहाला नावं ठेवली, मग दिव्याला, शेवटी जावयाच्या खानदानाला. मुद्दाम हरणारा माणूस इतका चिडत नाही.

राजा आडवा करून त्यांनी पट माझ्याकडे सरकवला.

"पुन्हा मांड," ते म्हणाले. "आणि तिकीट पुढे ढकलता येतं का बघ."