चार्जिंग बंद कर, अरविंद

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. बोटीच्या तळाशी थोडं थोडं पाणी साचतं ना, तसे ते साचतात. कुठून आलं ते कळत नाही, पण उपसायला बसलं की डबे भरत राहतात. आमच्याकडचा निम्मा साठा एकट्या अरविंदचा. तो दिवाळीच्या आधी गेला, आणि सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लोणावळ्याचा, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला. बोलायची खोड आहे, ऐकून घ्या.

आम्ही तिघं. अरविंद तळेगावचा, कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये जन्म घालवलेला. डॉक्टर तुंगार्लीचा, म्हणजे दातांचा डॉक्टर, आणि महाउतावळा. बोटीचं सुकाणू कायम त्याच्या हातात. आणि मी, वजनाला. पवना धरणाच्या पाण्यात आमची एक जुनी, छोटी शिडाची बोट. ती बांधलेली असते तिकोणा पेठेतल्या बबनभाऊंच्या शेताच्या कडेला. रविवार आला की आम्ही तिथे.

*

वारा पडला तर परत यायची सोय म्हणून अरविंदने बोटीला विजेची मोटर बसवली. इथवर ठीक होतं. पण त्याचं म्हणणं असं की, शिडावर बोट चालायला लागली की पाण्यातला पंखा आपोआप फिरणार, मोटर उलट वीज तयार करणार आणि बॅटरी भरणार. मी म्हटलं, थापा मारू नकोस. त्याने मलाच झापलं. लोणावळ्यात जन्म गेला तुझा, म्हणाला, घाट उतरणारं इंजिन वीज परत तारेत सोडतं हे कधी कानावर आलं नाही का?

बबनभाऊ शेजारीच म्हैस धूत होते. त्यांनी विचारलं, मग तवा बोट पळंल का आत्तासारखीच? अरविंदने प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, हळू होईल. पंखा फिरवायला जोर लागतो, तो वेगातूनच कापला जातो.

बबनभाऊंनी म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं. "मंजी म्हशीनं दूध बी द्यायचं आन नांगर बी वडायचा. आवघड हाय बिचारीचं."

सगळ्यांत जास्त अरविंदच हसला. पुढे तळेगावभर हे सांगत तोच फिरला.

*

पहिल्यांदा खरोखर चार्जिंग झालं तो दिवस! वारा मस्त होता, बॅटरीच्या मीटरचा आकडा हलला, आणि अरविंद लहान पोरासारखा ओरडला. मिळालेली वीज किती, तर एक मोबाइल भरेल एवढी. त्याने लगेच आपला मोबाइल भरला आणि बायकोला, नंदावहिनींना, फोन लावला. स्पीकरवर. आम्हालाही ऐकू यावं म्हणून. अगं, वाऱ्याने भरलेल्या फोनवरून बोलतोय, म्हणाला.

"बरं झालं. आता त्याच वाऱ्यावर बसून घरी या. आमटी तिसऱ्यांदा गरम केलीय."

वहिनींचं हे कायमचं. रविवारी त्याच्याशिवाय त्या पानावर बसायच्या नाहीत. आणि चार्जिंगमुळे बोट रेंगाळणार, म्हणजे जेवण चार वाजता. पाण्याची भीती म्हणून त्या बोटीत कधी चढल्या नाहीत, पण त्यांचा फोन मात्र दर फेरीला आमच्याबरोबर असायचा. "ते चार्जिंग बंद करा आणि या," एवढंच बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या.

*

या चार्जिंगचा डॉक्टरला वहिनींपेक्षा जास्त राग. एकदा पुण्याची एक चकचकीत बोट आमच्या पुढे निघाली. डॉक्टरच्या अंगात संचारलं. शीड ओढ, दोरी सोड, मास्तर, तिकडे सरका! मी आपला सरकतोय. बोट मात्र वरातीतल्या घोड्यासारखी. डॉक्टर मागे वळून ओरडला, "अरविंद, चार्जिंग बंद कर!"

"पाचच मिनिटं," अरविंद म्हणाला. नजर मीटरवर.

तेवढ्यात भाड्याची होडी वल्हवत, सेल्फी काढत, एक जोडपं आमच्या शेजारून पुढे गेलं. त्यातली मुलगी थांबून काळजीने म्हणाली, "काका, बंद पडलीय का? ढकलू का?"

डॉक्टर परतीच्या वाटेवर आमच्याशी बोलला नाही.

*

मग किटली. वाऱ्याच्या विजेवर चहा करायची हौस आली आणि अरविंद घरची इलेक्ट्रिक किटली घेऊन आला. सकाळभर रांगत रांगत साठवलेली वीज, आणि शिवाय घरून भरून आणलेली, सगळी त्या किटलीने पिऊन टाकली. पाणी धड उकळलंसुद्धा नाही. त्यात वारा पडला. मोटर चालेना, आणि आम्ही तिघं म्हातारे धरणाच्या मधोमध कोमट चहा घेऊन बसलेले.

शेवटी बबनभाऊ आपली होडी घेऊन आले. त्यांनी दोर बांधला आणि ओढायला लागले. अरविंदने लाजत त्यांना एक कप दिला. त्यांनी घोट घेतला, आमच्या तिघांकडे बघितलं आणि म्हणाले, "लय म्हाग पडला की ओ च्या."

*

हसतोय खरं, पण या चेष्टेमागे त्याला एक गोष्ट करून दाखवायची होती. तिकोण्याच्या डोंगराच्या आडोशाला, काठाजवळ वारा लागत नाही. तिथे निघताना आणि परत येताना मोटर लावावीच लागते. तेवढी वीज मधल्या पाण्यात वाऱ्याकडून परत मिळवायची, आणि काठाला लागताना बॅटरी निघताना होती तितकी तरी असायला हवी. एकदाच. एवढंच त्याचं मागणं होतं. एकदाही जमलं नाही. दर वेळी थोडं कमी पडायचं, आणि दर वेळी तो म्हणायचा, पुढच्या रविवारी.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. त्यात काय निघालं ते ज्या रविवारी त्याने आम्हाला सांगितलं, त्या दिवशी वारा भरपूर होता आणि चार्जिंग बंद कर असं कुणीच म्हटलं नाही.

*

औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर तो शेवटचा आला. कानटोपी घातलेला, निम्मा झालेला. त्या दिवशी डॉक्टरने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चार्जिंग लावलं.

आणि काय वारा होता! मधल्या पाण्यात मीटर निघतानाच्या आकड्याच्या वर गेला. अरविंद काही बोलेना, आम्ही बोलेना. बोललं तर दृष्ट लागेल असं वाटलं. परतताना काठ समोर दिसायला लागला आणि वारा मेला. मोटर लावली तर मिळवलेलं जाणार. किटलीच्या फजितीनंतर बोटीत ठेवलेलं वल्हं डॉक्टरने उचललं, म्हणाला, मी वल्हवतो, वेळ लागेल पण नेतो.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. अरविंद म्हणाला, हो, आलोच. फोन खिशात टाकला.

"मोटर लाव, डॉक्टर."

"अरे, हातात आलंय. तासाभराचा प्रश्न आहे."

"नको. नंदा जेवायची थांबलीय."

मोटर लावली. आकडा उतरायला लागला, तेव्हा त्याने कानटोपी काढून मीटरवर ठेवली.

*

गेल्या महिन्यात वहिनी तिकोणा पेठेला आल्या. एकदा ती बोट बघायची आहे, म्हणाल्या. बबनभाऊंनी ओटीवर बसवून पाणी दिलं. मग वहिनींनी मला विचारलं, शेवटच्या दिवशी काय झालं होतं? मी सांगितलं, जसं घडलं तसं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, मला एक फेरी मारून आणा.

बोटीत चढताना त्यांना मी एका बाजूने धरलं, बबनभाऊंनी दुसऱ्या. बोट हलली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. डॉक्टर एकदम शहाण्यासारखा वागत होता. वहिनींना भीती वाटू नये, फेरी लवकर उरकावी, म्हणून त्याने चार्जिंगला हातसुद्धा लावला नव्हता. मधल्या पाण्यात आलो. वारा चांगला होता, बोट छान पळत होती. वहिनी बराच वेळ मीटरकडे बघत होत्या.

"ते चार्जिंग कुठून लावतात?"

डॉक्टर गडबडला. "वहिनी, ते लावलं की बोट फार हळू जाते. उगाच उशीर होईल घरी जायला."

"लावा," वहिनी म्हणाल्या. "आता जेवायला कोण थांबलंय?"