अकरावी कक्षा आणि तिची पिलावळ

चष्म्याच्या दुकानाचं एक आहे. माणूस येतो डोळे तपासायला, पण काम करतं त्याचं तोंड! नंबर काढायला दहा मिनिटं, काच बसवायला अर्धा तास, आणि तेवढ्यात घरचं-दारचं सगळं काउंटरवर ओतून माणूस मोकळा होतो. महाडच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे, त्याला वीसेक वर्षं झाली. किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. काउंटर पुसला की दोन-चार निघतात.

पण आज सांगतोय ते आमच्या रविवारच्या कंपनीचे. रविवारी दुपारनंतर धंदा बंद. शटर अर्धं खाली, आणि आतल्या मोठ्या टीव्हीवर 'अकरावी कक्षा'! अंतराळयानातल्या लोकांची मालिका आहे. मूळ कुठल्या भाषेतली कोण जाणे. आम्ही पहिल्यापासून मराठी डबिंगमध्येच बघितली, त्यामुळे आमच्या कॅप्टनला मराठीच येतं.

कंपनी चौघांची. एक मी, अविनाश. दुसरे जोगळेकर सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणून माझे केस पिकले तरी मी 'अव्या'च. तिसऱ्या स्वाती मॅडम, पोलादपूर तालुक्यात तलाठी. आणि चौथा संतोष, हिरकणीवाडीचा, रायगडावर गाईड आहे.

एकदा मला हौस आली. बाहेर पाटी लावली, 'आज दुपारी ४ वाजता : अकरावी कक्षा'. चार वाजून पाच मिनिटांनी शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. सोबत मुलगी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट.

"सायन्सला जागा आहे का?"

आता कक्षा म्हणजे ग्रहांची, हे त्यांना सांगायचं कुणी? मी सरांकडे बघितलं, सरांनी मार्कशीट हातात घेतली. जन्मभराची सवय! "गणितात कमी पडलेत," म्हणाले.

बाईंचं लक्ष टीव्हीकडे गेलं. यानातली पोरं-पोरी निळ्या कपड्यात रांगेत उभी होती.

"युनिफॉर्म बरा आहे हो. हॉस्टेल कुठे?"

"शनीच्या पुढे," संतोष पटकन बोलून गेला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगो बाई! म्हणजे पनवेलच्याही पुढे?"

• • •

तर ही मालिका आठ सीझन चालली आणि संपली. संपली म्हणजे आम्हाला वाटलं संपली! मग त्या लोकांनी एकेक पात्र उचलून त्याची वेगळी मालिका काढायला सुरुवात केली. याला स्पिन-ऑफ म्हणतात. खलनायकाचं बालपण झालं. डॉक्टरीणबाईंचं तरुणपण झालं. यानातला स्वयंपाकी यानात येण्याआधी काय शिजवत होता, त्याचेही दहा भाग झाले. आता फक्त यानाच्या दरवाजाची कहाणी राहिली आहे.

सरांनी या सगळ्याला एकच नाव ठेवलं, पिलावळ! "मूळ मालिका ती मूळ मालिका. मी पिलावळीतला एक भाग बघणार नाही. लिहून घे अव्या!"

महिनाभर शब्द पाळला. मग एका रविवारी मी आणि स्वाती मॅडम डॉक्टरीणबाईंच्या मालिकेवर बोलत होतो. सर टीव्हीकडे पाठ करून, डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "तिसऱ्या भागात तिचा उजवा हात भाजतो ना, तिथे..."

"डावा!" सर तक्त्याकडे बघतच ओरडले.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"सर," स्वाती मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत?"

"मी कशाला बघतोय? आमची ही बघते. मी फक्त त्या दिशेला तोंड करून बसतो."

• • •

स्वाती मॅडमचा हिशोब वेगळा. त्यांना गोष्ट चांगली की वाईट याच्याशी देणंघेणं नाही. कागद बरोबर पाहिजे! नवीन स्पिन-ऑफ आला की त्यांचा पहिला प्रश्न, "मूळ मालिकेत याची नोंद आहे का?"

खलनायकाच्या मालिकेत शेवटच्या भागात धक्का होता. हा खलनायक म्हणजे आपल्या कॅप्टनचा सख्खा भाऊ! संतोष तर खुर्चीवरून उठला. माझ्याही अंगावर काटा आला. स्वाती मॅडम शांतपणे शेंगदाणे सोलत होत्या.

"मॅडम, तुम्हाला धक्का नाय बसला?" संतोषने विचारलं.

"कसला धक्का? आठ सीझन भाऊ नव्हता आणि आता आला, एवढंच ना?"

"एवढंच काय मॅडम! आठ सीझन कोणाला पत्ता नाय!"

"अरे, आमच्याकडे हायवेच्या चौपदरीकरणाचा मोबदला जाहीर झाला, त्या आठवड्यात एकेका सातबाऱ्यावर चार-चार भाऊ आले. एक तर असा आला की त्याच्या आईलाही माहीत नव्हता!"

• • •

मधे माझा भाचा आला होता, अंधेरीला नोकरीला आहे. आमची रविवारची बैठक बघून त्याला आमची दया आली.

"मामा, यू आर वॉचिंग इट ऑल राँग! पहले क्या हुआ, बाद में क्या हुआ, त्या ऑर्डरने बघायचं असतं. क्रोनॉलॉजिकली!"

त्याने एक तक्ता करून दिला. आधी काय घडलं, मग काय घडलं, बाण काढून सगळं. सरांना तक्ता म्हटला की भरून येतं. म्हणाले, "शिस्तीत बघू. पहिल्यापासून." पिलावळ वगैरे सगळं बाजूला. शिस्तीपुढे सरांचं काही चालत नाही!

तक्त्याप्रमाणे सगळ्यात आधी यायची ती कॅप्टनच्या खापरपणजोबांची मालिका. ते कुठल्याशा ग्रहावर शेती करायचे. पहिल्या रविवारी त्यांनी जमीन नांगरली. दुसऱ्या रविवारी पाणी सोडलं. तिसऱ्या रविवारी खापरपणजोबा बांधावर उभे राहून आभाळाकडे बघत होते, आणि मागे दुःखी संगीत वाजत होतं. यानाचा पत्ता नाही!

संतोष उठला आणि चपला घालायला लागला.

"कुठे रे?" मी विचारलं.

"वाडीत जातो दादा. हेच बघायचं तर तिथं माझा बापूस करतोय. आणि तिथं निदान भात तरी निघतो!"

तक्ता त्याच दिवशी रद्दीत गेला.

• • •

पण स्पिन-ऑफच्या बाजूने कोण भांडत असेल तर हाच संतोष. सर एकदा फार तापले होते. "यानात दोन मिनिटं चहा देऊन गेलेल्या बाईची वेगळी मालिका? मुख्य गोष्ट सोडून ही कसली फालतू भरती!"

संतोष म्हणाला, "सर, गड कुणाचा ते सगळ्या जगाला ठाव हाय. पण पायथ्याला आमची वाडी हाय, तिला नाव कुणाचं? राजाचं नाय, सरदाराचं नाय. दूध घालायला गेलेल्या बाईचं! आता सांगा, फालतू कोण?"

सरांनी शेंगदाण्यांची पुडी त्याच्यापुढे सरकवली. फिजिक्समध्ये याला उत्तर नव्हतं.

अर्थात संतोषचा यात स्वार्थ आहे. गडावर पाण्याच्या एका टाक्यापाशी तो पर्यटकांना एक गोष्ट सांगतो. पूर्वी त्यात एक पहारेकरी होता, तो रात्रभर जागा राहिला, संपली गोष्ट. पुढच्या वर्षी पहारेकऱ्याला बायको आली. मग मेव्हणा आला. यंदा एक बोलणारा पोपट आलाय. दरवर्षी गडावर येणारे एक गृहस्थ अखेर वैतागले.

"अहो, मागच्या वर्षी या टाक्याची गोष्ट पाच मिनिटांत झाली होती. आज पाऊण तास उन्हात उभा आहे मी!"

संतोष अजिबात डगमगला नाही.

"साहेब, सीझन फोर हाय. पुढच्या टायमाला आलात की पोपटाचं सेपरेट सांगतो!"

• • •

खलनायकाच्या मालिकेने मात्र सरांचा एक आठवडा खाल्ला.

मूळ मालिकेत हा माणूस अख्खा ग्रह जाळतो. का जाळतो, कुणी विचारलं नव्हतं. जाळणारा माणूस म्हणून आम्ही त्याला बिनधास्त शिव्या घालत होतो. आता नवीन मालिकेत कारण निघालं. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्याला सगळ्या वर्गासमोर 'दगड' म्हटलं होतं! मास्तर कसले? फिजिक्सचे!

तो भाग संपला आणि सर उठले. चहा अर्धा टाकून घरी गेले. सरांनी चहा टाकल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुकानात आले. "अव्या, मी तुला कधी दगड म्हटलंय?"

"नाही सर."

"नक्की?"

"मला तुम्ही बटाटा म्हणायचात."

सर स्टुलावर बसले. त्यांच्या डोक्यात एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, हुशार, पण प्रयोगवहीत आकडे घरूनच लिहून आणायचा. त्याला सरांनी एकदा वर्गाबाहेर काढून दिवसभर व्हरांड्यात उभं केलं होतं. आता तो कुठल्याशा मोठ्या कंपनीत फार वरच्या पदावर होता. वरच्या पदावर आहे म्हटल्यावर सरांची काळजी आणखी वाढली होती. ग्रह जाळायला हाताशी सगळं सामान!

स्वाती मॅडमनी कुठून कुठून नंबर मिळवून दिला. सरांनी माझ्याच दुकानातून फोन लावला. मी स्पीकर चालू करून दिला.

"मी जोगळेकर. महाडहून. तुला मी फिजिक्स शिकवायचो. एकदा तुला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं होतं. तेव्हापासून... म्हणजे, तुझ्या मनात काही राग नाही ना रे?"

सरांनी डोळे मिटले.

मग आवाज आला. "सॉरी हां... कोण जोगळेकर?"

सरांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"राग धरला असता तर परवडलं असतं अव्या!"

• • •

आता हा शेवटचा. गेल्या पावसाळ्यातला.

तुकाराम मामा म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. बत्तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. मोतीबिंदू काढल्यावर नवीन चष्मा करायला टाकला होता, तो न्यायला आले ते नेमके रविवारी. सोबत त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू. चष्मा दिला, पण परतीची गाडी पाच वाजता, आणि बाहेर पाऊस धो धो. म्हटलं, बसा आत.

आम्ही त्या दिवशी नवीन मालिका लावली होती. यान चालवणाऱ्या पायलटची. मूळ मालिकेच्या आधीची गोष्ट, तो तरुण असतानाची. यान दगडांच्या वादळात सापडलेलं, समोरून घराएवढाले दगड येताहेत, पायलट घामाघूम. मामा नव्या चष्म्यातून टक लावून बघत होते. त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता!

काकू मात्र टीव्हीकडे बघेनात. दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच सरांना विचारलं, "हा मरतो काय हो?"

"छे!" सर म्हणाले. "अहो, हीच तर या मालिकेची बोंब आहे. मूळ गोष्ट याच्यानंतर वीस वर्षांनी सुरू होते, आणि तिच्यात हा धडधाकट आहे. म्हणजे इथे त्याला काही होणारच नाही. मग कसला थरार आणि कसलं काय? उगाच वेळ फुकट!"

"नक्की नाय मरत?"

"नक्की."

"इतके दगड आले तरी?"

"काकू, हजार दगड येऊ देत. हा घरी पोचणार म्हणजे पोचणार. लिहून देतो!"

काकूंनी खुर्ची फिरवली. पदर सारखा केला, पाय वर घेऊन मांडी घातली आणि टीव्हीकडे बघायला लागल्या.

"मग बघते. बेस हाय."

सर हसले. "अहो, पण आता बघण्यासारखं राहिलं काय त्यात?"

"तुमाला नाय कळायचं गुरुजी," काकू म्हणाल्या. "ह्ये बत्तीस वर्षं कशेडीच्या घाटातून गाडी न्यायचे. पावसात दरड पडली, रस्ता बंद झाला, की कुठं हायेत, कसे हायेत, काय कळायचं नाय. सकाळपातूर दारात बसायची मी. तुमच्यावानी लिवून देणारा तवा कोण भेटला नाय."

टीव्हीवर दगड आपटत होते.

मामांनी चष्मा काढला आणि काकूंकडे वळून बघितलं.

"तू तर म्हणायचीस, गाडी रातच्याला अडकली की मी निवांत झोपते."

काकूंची नजर टीव्हीवरून हलली नाही.

"समोर बघा तुमी. दगड येतोय."