नीमाच्या मुलाचं बोरन्हाण

माझ्या सासूबाई, मंदाकिनी गद्रे, कौतुकाच्या बाबतीत कंजूष आणि टोमण्यांच्या बाबतीत उधळ्या. नारायण पेठेतली आमची वरची खोली भाड्याने द्यायची तर येणाऱ्याची उलटतपासणी होते. नीमाला मात्र त्यांनी एकच विचारलं होतं, पाणी जपून वापराल ना.

नीमा टांझानियाची, दार-ए-सलामची. इथे विद्यापीठात पीएचडी करते. सोबत दीड वर्षाचा मुलगा, बराका. तिच्या गावी बारा महिने उकाडा. थंडी तिला इथे येऊन कळली, आणि तीही पुण्याची, म्हणजे धड थंडीसुद्धा नाही. जानेवारीत सकाळी दात वाजतात, दुपारी पंखा लागतो, आणि मध्येच एखाद्या दिवशी आभाळ भरून पाऊस येतो. बराकाला स्वेटर घातला की घाम, काढला की शिंका. त्याचं नाक गळायचं थांबेना. डॉक्टर म्हणाले, हवा बदलतेय, काळजी नको. तिला ते पटेना. तिकडून नवरा फोनवर सुनवायचा, तुला जमत नाहीये, मुलाला आजीकडे पाठव. शेवटी रविवारी तिची नणंद तिकडून त्याला न्यायला येणार असं ठरलं. नीमा जिन्यात बसून रडली. मला त्या न पाहिलेल्या नवऱ्याचा भयंकर राग आला.

सासूबाईंनी पिशवी उचलली. मंडईत जाऊन बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि ऊस घेऊन आल्या. संक्रांतीनंतर लहान मुलांना बोरन्हाण घालतात, बदलती हवा बाधू नये म्हणून. शनिवारी दुपारी त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या लेकुरवाळ्यांना बोलावलं. बराका काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसला. डोक्यावरून बोरं ओतली तसा आधी दचकला, मग खिदळायला लागला. बाकीची पोरं बोरांवर तुटून पडली.

नीमा मात्र त्या पोरांकडे टक लावून बघत होती. शेजारच्या रुपालीचा मुलगा खोकत होता. एकीच्या फ्रॉकला रुमाल टाचलेला, एकाचं नाक ओठापर्यंत आलेलं. आया एकमेकींना काढे सांगत होत्या.

"काकू, ही सगळी मुलं आजारी आहेत?" तिने विचारलं.

"आजारी कसली? जानेवारी आहे."

नीमा हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मला म्हणाली, मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. इतके दिवस ही पोर वरच्या खोलीत एकटीच स्वतःला दोष देत बसली होती, आणि खाली घरोघरी तोच खोकला चालू होता.

सगळे गेल्यावर तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला. त्यांची भाषा आम्हाला कळत नाही. पलीकडचा आवाज चढला, हिचा चढला नाही. आम्हाला ओळखू आला तो एकच शब्द, जानेवारी. तो तिने दोनदा म्हटला. मग फोन ठेवून सासूबाईंकडे वळली.

"काकू, बराका इथेच राहणार."

सासूबाई पाटावरची बोरं गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग आधी नाक पूस त्याचं."