काळ्या मातीतले दगड

दादाने लष्कराच्या लिलावातून जुनी जीप घेतली, तेव्हा झाशीच्या मानिक चौकातल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला ती दाखवून झाली. हिची चारही चाकं ओढतात, हे तो इतक्या वेळा सांगायचा की शेवटी आई म्हणाली, "बाकीच्यांच्या गाड्यांना काय तीनच असतात?" दादा आठवडाभर फुगून बसला होता.

त्या भाद्रपदात आम्ही भाऊ-बहीण त्याच जीपमधून आत्याला आणायला गेलो. आत्या गरौठ्याच्या पलीकडे एका खेड्यात एकटी राहायची आणि तिथल्या मुलींना शिकवायची. आतोबा तिथेच मास्तर होते. मी पाळण्यात असताना एका पावसाळ्यात ते गरौठ्याला जायला निघाले आणि 'वाटेत गेले', एवढंच घरात बोललं जाई. कुठे, कसे, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाबांनी नाना परींनी विनवूनही आत्या झाशीला परत आली नाही. घरात सगळे याला तिचा हट्ट म्हणत.

यावेळी मात्र तापाने ती पार गळून गेली होती. गावच्या वैद्याने हात टेकले आणि आजच्या आज झाशीला न्या म्हणून सांगितलं. आम्ही तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. सोबत फक्त देवांचं गाठोडं होतं, ते तिने छातीशी धरलं होतं.

"मोठ्या रस्त्यानेच ने रे," ती म्हणाली.

पण मोठ्या रस्त्यावरच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत होतं. दादाने जीप वळवली आणि जंगलातली कच्ची वाट धरली. आत्याचं ते म्हणणं म्हणजे तापातली बडबड, असं आम्हाला वाटलं.

ती वाट आठवली की मला अजून बरं वाटत नाही. दोन्हीकडे पळस आणि करधईची दाट झाडी, खाली आमच्याकडची ती काळी माती. कोरडी असताना दगडासारखी टणक आणि भिजली की साबण. चाकांवर तिचे थर चढत गेले, टायरच्या खाचा बुजल्या आणि एका वळणावर जीप अलगद आडवी होऊन बाजूच्या चरात जाऊन बसली. दादा ऐटीत उतरला. पुढच्या चाकांच्या मधोमध कुलपं असतात, ती हाताने फिरवली की पुढची चाकंही ओढायला लागतात. त्याने ती फिरवली, आत येऊन गिअरशेजारचा दांडा टाकला आणि गाडी रेटली. चारही चाकं एकसारखी फिरली आणि जीप एकसारखी खाली गेली.

इंजिन बंद केलं, तेव्हा कळलं की पाऊस थांबलाय आणि तरी एकही पाखरू बोलत नाहीये. भर दुपार होती, पण झाडीत उजेड मळकट झाला होता. ओल्या मातीच्या वासात आणखी एक वास होता. देवघरातला. मी गाठोड्याकडे पाहिलं, ते बांधलेलंच होतं.

दादाने टायरमधली हवा कमी केली, फांद्या तोडून चाकांखाली घातल्या. चिखलाने त्या गिळल्या. तेवढ्यात त्याला वाटेच्या कडेला दगडांचा एक मोठा ढीग दिसला.

"सडकवाल्यांनी खडी टाकून ठेवलीय. देवच पावला," तो म्हणाला.

काळ्या मातीत मैलोन्मैल दगड सापडत नाही. मग हे इथे आले कुठून, असा विचार माझ्या मनात आला, पण दादा भराभर दगड वाहू लागला होता आणि मीही लागले. कोणताच दगड दुसऱ्यासारखा नव्हता. एक लाल, एक नदीतला गुळगुळीत, एक जात्याचा फुटका तुकडा. ढीग संपत आला तेव्हा मागे पावलं वाजली.

एक म्हातारा बकऱ्या घेऊन येत होता. तो आमच्याशी बोलला नाही. ढिगाच्या रिकाम्या जागी उभा राहिला, गमछ्याच्या गाठीतून एक दगड सोडला आणि उघड्या मातीवर ठेवला.

"मास्साब, राम-राम," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "जो लओ है, सो धर दइयो." घेतलंय ते परत ठेवा, एवढंच सांगून तो बकऱ्या हाकत निघून गेला.

तिकडे मास्तरांना मास्साब म्हणतात. दादाच्या हातातला दगड तसाच राहिला. जीपमध्ये आत्या उठून बसली होती. जिला आम्ही उचलून आणलं, ती ताठ बसली होती आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"इथेच वीज पडली त्यांच्यावर," ती आम्हाला म्हणाली. "येणारा-जाणारा घरून एकेक दगड आणून ठेवतो. मीसुद्धा ठेवलेत."

दादा रडवेला झाला. "आत्या, मी सगळे काढतो, परत लावतो."

"राहू देत. त्यांचेच आहेत, त्यांनी नाही म्हटलं नसतं." मग तिचा आवाज बदलला. घरात नवऱ्याशी बोलतात तसा खालचा, थोडा रुसलेला. "अहो, जाऊ द्या ना मला. पोरं चिखलात उभी आहेत."

दादाने इंजिन चालू केलं, मी मागून जोर लावला. चाकं दगडांवर कुरकुरली आणि जीप वर आली. मी लावलेल्या जोराने ती आली, असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आत्याने गाठोडं सोडून सहाण काढली. आतोबा रोज सकाळी तिच्यावर गंध उगाळत, मधोमध ती खोलगट झाली होती. "ही ठेव तिथे," ती मला म्हणाली. मी ती म्हाताऱ्याच्या दगडाशेजारी ठेवली आणि मागे न बघता जीपमध्ये येऊन बसले.

इस्पितळात आत्या बरी झाली. आमच्याकडे राहिली, आईबरोबर पापड लाटू लागली, दादाच्या मुलांना पाढे शिकवू लागली. हट्ट सुटला एकदाचा, असं आम्ही आपसात म्हणालो आणि मला खरोखर आनंद झाला.

उन्हाळ्यात दादा तिचं उरलेलं सामान आणायला गेला. जाताना जीपमध्ये दगड भरून घेऊन गेला. परतला तेव्हा पाणीसुद्धा न पिता ओसरीवर बसला. ढीग पहिल्याएवढाच झाला होता म्हणाला, लोकांनी चिखलातले दगड काढून पुन्हा रचले होते. वर सहाण होती.

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोरडी होती?"

वैशाखाचं ऊन होतं, तिकडच्या विहिरीसुद्धा आटल्या होत्या. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "ओलं गंध होतं."

आत्याने सूप खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. "मग वाट बघताहेत," ती म्हणाली. "पावसाआधी मला सोडून ये."

दादा हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जीप विकून टाकली.