गोगलगायीची अंडी आणि आमची भीती

आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गातली माणसं आता फार उरली नाहीत. पण दोघं जरी भेटलो तरी चहा थंड व्हायच्या आत किस्से निघतातच. एक काढला की त्याला चिकटून दुसरा येतो आणि दुसऱ्याला तिसरा. रसायनशास्त्रवाले जमले की त्यांच्या हसण्याचा आवाज गल्लीत ऐकू येतो. आमचे किस्से सुरू झाले की कुणीतरी उठून दार लोटून घेतं. कारण आमचे सगळे किस्से घाबरण्याचे.

बेचाळीस-त्रेचाळीसचा काळ. सांगलीबाहेर कॉलेजच्या मागच्या अंगाला एक कौलारू खोली होती, तीच आमची प्रयोगशाळा. शिकवायला सोवनी सर. शिकणारे आम्ही अगदी थोडे. त्यातला शंकर पवार विट्याकडच्या एका खेड्यातला, आणि मुलगी म्हणून मी एकटीच. सर मला ‘मिस देसाई’ म्हणायचे, शंकरला ‘पवार’, आणि टाकीतल्या गोगलगायींना ‘मंडळी’.

सरांना या मंडळींचं वेड होतं. शिंपला, शंखातली गोगलगाय, बिनशंखाची गोगलगाय, समुद्रातला आठ हातांचा प्राणी, हे सगळे एकाच कुळातले. मोठेपणी पाहिले तर कुणाचा कुणाशी संबंध आहे असं वाटत नाही. सरांचं म्हणणं, नातं शोधायचं असेल तर बाळपणी शोधा. “मोठी झाली की सगळी आपापला शंख घालून बसतात, मिस देसाई. अंड्यात असताना कुणी काही लपवत नाही.”

* * *

पहिल्याच आठवड्यात सरांनी तळ्यातून पाणवनस्पतीचं एक पान आणलं. पानाखाली काचेसारखा चिकट पट्टा होता आणि पट्ट्यात बारीक बारीक ठिपके, गोगलगायीची अंडी. ते त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि म्हणाले, “बघा.”

मी डोळा लावला आणि दचकून मागे झाले. स्टुलावरून पडायचीच बाकी. आतापर्यंत मी पाहिलेले सगळे प्राणी बरणीतले होते, मेलेले, पांढरे पडलेले. हे जिवंत होतं. अंड्याच्या आत एवढासा जीव स्वतःभोवती गरागरा फिरत होता. डोळा नाही, तोंड नाही, नुसती केसांची झालर, आणि फिरणं चालूच.

शंकर म्हणाला, “काय झालं?”

“ते फिरतंय.”

सर हसले नाहीत. म्हणाले, “मीही पहिल्यांदा घाबरलो होतो. आता ऐका. गांडुळाचे समुद्रात भाऊबंद असतात. त्यांची पिल्लं अशीच भोवऱ्यासारखी फिरतात. अशीच झालर, असाच आकार. शेजारी ठेवली तर कोण गांडुळाच्या भाऊबंदाचं आणि कोण गोगलगायीचं, हे मलाही चटकन सांगता येणार नाही. म्हणजे फार फार पूर्वी यांचं घर एकच असणार.”

मी पुन्हा डोळा लावला. या खेपेला टेबल दोन्ही हातांनी धरून.

* * *

शिंपल्यांची पिल्लं बघायची तर शिंपला हवा, आणि शिंपला कृष्णेत. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही गावाच्या खालच्या वळणावर गेलो. सरांनी वाटेत सांगितलं, की शिंपल्याची मादी पिल्लांना आपल्या कल्ल्यात सांभाळते. पिल्लांना आकडे असतात. पाण्यात सोडली की ती माशाला जाऊन चिकटतात. “जिला स्वतःला चालता येत नाही, ती पोरांना माशावर बसवून गावोगाव धाडते,” असं म्हणून ते खूश झाले.

शंकर कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि पायांनी चिखल चाचपू लागला. होडी काठाला लावून नावाडी विडी ओढत होता. त्याने विडी टाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “पवार, हलू नगंस. पाय उचलू नगंस.”

शंकर आणि काठ यांच्यामध्ये पाण्यावर एक ओंडका होता. त्या ओंडक्याला डोळे होते.

सरांना पोहता येत नव्हतं. तरी ते धोतर न खोचताच पाण्यात निघाले. नावाड्याने त्यांचा सदरा मागून धरला. “मास्तर, तुमी कुटं चाललायसा?”

“तो माझा विद्यार्थी आहे.”

“मगरीला ते कुटं ठावं हाय?”

नावाड्याने होडी मधे घातली आणि वल्हं पाण्यावर आपटत राहिला. मगर बुडी मारून गेली. हे जास्त वाईट झालं. आधी ती कुठे आहे ते दिसत तरी होतं. शंकर पावलापावलाने बाहेर आला. ओठ पांढरे पडले होते. वाळूवर आल्यावर त्याने मूठ उघडली. मुठीत शिंपला होता. एवढं सगळं होऊनही त्याने तो सोडला नव्हता.

सर वाळूत बसले होते. त्यांनी तो शिंपला हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि नदीत परत फेकला.

“शिंपल्यांचा धडा फळ्यावर होईल,” सर म्हणाले.

* * *

फळ्याचा किस्सा त्यानंतरचा. तारा तुटायला लागल्या होत्या, रात्री रूळ उखडले जात होते, साताऱ्याकडची माणसं लपायला आमच्या बाजूला येत होती. कॉलेजातली काही मुलं एकाएकी दिसेनाशी झाली. एक दिवस वर्ग चालू असताना पोलीस आले. पुढे एक फौजदार, मागे शिपाई.

फळ्यावर सरांनी गोगलगायीचं अंडं काढलेलं होतं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि मग वरच्या पेशी खालच्यांच्या खाचेत तिरक्या बसत जातात, जिना वळावा तशा. कोणती पेशी कोणापासून झाली हे कळायला प्रत्येकीला खूण असते, एक अक्षर आणि एक आकडा. भोवती बाण. सगळा फळा भरला होता.

फौजदार बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. “ही सांकेतिक भाषा कसली?”

“पेशींची नावं आहेत.”

“आणि हा गोळा?”

“गोगलगाय आहे,” सर म्हणाले. “अजून व्हायची आहे.”

फौजदाराने एका शिपायाला फळा जसाच्या तसा उतरवून घ्यायला बसवलं. बिचारा घाम पुसत अक्षरं काढत होता. बाकीचे कपाटं उघडू लागले. बरण्या, नळ्या, तांब्याची तार, अंडी ठरावीक वेळाने बघायला ठेवलेलं गजराचं घड्याळ. एकेक वस्तू टेबलावर येत होती, आणि आम्हाला रोजच्या त्या वस्तू पहिल्यांदाच त्यांच्या नजरेने दिसत होत्या. मी साडीचा घोळ मुठीत धरून ठेवला होता.

मग फौजदाराने मागच्या फळीवरची एक बाटली काढली. तळाशी पिवळी पूड होती. ते पिक्रिक ॲसिड. कोवळे जीव जसेच्या तसे टिकवायच्या द्रावणात ते लागतं. ओलं असतं तोवर काही भीती नाही. वाळलं की स्फोटक. ही बाटली केव्हा वाळली हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फौजदाराने ती काखेशी धरली आणि झाकणावर हात ठेवला.

“झाकण फिरवू नका,” सर म्हणाले.

आवाज इतका शांत होता, की फौजदार थांबला.

“आट्यांत पूड अडकली असेल. घासली तर फुटेल. बाटली तशीच धरा, मी येतो.”

सर चालत गेले. त्यांनी फौजदाराचं मनगट धरलं, त्याला सावकाश दोन पावलं बाजूला नेलं आणि बाटलीसकट त्याचे दोन्ही हात टाकीच्या पाण्यात बुडवले. खोलीत तेवढंच पाणी होतं. झाकणात पाणी मुरेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले, चारही हात पाण्यात. एक गोगलगाय टाकीच्या काचेवरून फौजदाराच्या खाकी बाहीवर आली आणि कोपराकडे चढायला लागली. तो तिच्याकडे बघत होता, पण हलत नव्हता.

शेवटी सर म्हणाले, “आता सोडा.”

फौजदाराने हात बाहेर काढले. गोगलगाय अलगद उचलून पाण्यात ठेवली. मग विचारलं, “हे फुटतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग चला.”

* * *

सरांना साताऱ्याला नेलं. आमच्या घरी त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली. वडील म्हणाले, “उद्यापासून कॉलेज बंद.”

मी म्हटलं, “अंडी आहेत, अण्णा. रोज पाणी बदलावं लागतं. नाहीतर मरतील.”

वडील कोर्टात कारकून होते. मोठ्याने बोललेलं त्यांना सोसत नसे. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. सकाळी मी उठले तर ते कोट-टोपी घालून दारात उभे. म्हणाले, “चल.”

कोर्टात जाण्याआधी ते रोज माझ्याबरोबर येऊ लागले. मी आणि शंकर पाणी बदलायचो, अंड्यांची चित्रं काढायचो. पिल्लाचं अंग पिळवटून मागची बाजू डोक्यावर येते ती नेमकी केव्हा, हे सरांना हवं होतं. सगळ्या गोगलगायींच्या मूळपुरुषात कधीतरी असाच पीळ पडला असणार, असं ते सांगायचे. आम्ही आत वाकून बघत असायचो आणि वडील बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन फाटकाकडे बघत बसायचे. कुणाची सायकल वाजली तरी उठून उभे राहायचे.

एकदा प्रिन्सिपॉल तिकडून चालले होते. त्यांनी विचारलं, “आपलं काही काम होतं का?”

वडील उभे राहिले. “काम काही नाही. भीती वाटते म्हणून बसलोय.”

प्रिन्सिपॉलनी फाटकाकडे पाहिलं, मग आमच्या खोलीकडे.

“जरा सरकता का?” म्हणाले, आणि शेजारी बसले.

* * *

सर परत आले तेव्हा पावसाळा संपला होता. ते वाळले होते. हात इतका कापायचा, की सुईने अंडं उचलता येईना. साताऱ्यात काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढा एक प्रसंग मात्र सांगितला, तोही शंकरने पुन्हा पुन्हा विचारल्यावर.

तिथल्या एका अधिकाऱ्यापुढे तो उतरवून घेतलेला फळा होता. त्याने विचारलं, याचा अर्थ काय. सरांनी पहिल्या पेशीपासून सुरुवात केली. कुठली पेशी पुढे शंखाची होणार, कुठली पायाची, कुठली आतड्याची. अधिकारी दमलेला होता, पण ऐकत होता.

तो म्हणाला, “म्हणजे सुरुवातीलाच ठरतं, कोण पुढे काय होणार ते?”

“गोगलगायीत बरंचसं ठरतं.”

“मग माणसाचंही तसंच असणार. बंडखोर तो जन्मापासून बंडखोर.”

“नाही साहेब,” सर म्हणाले. “माणसात बराच काळ काहीच ठरलेलं नसतं. एका अंड्याचे दोन भाग झाले तर दोन पुरी माणसं होतात.”

अधिकाऱ्याने कागद मिटला. सरांनी मात्र बोलणं थांबवलं नाही. शिंपले झाले, किडे झाले, समुद्र झाला.

शंकरने विचारलं, “इतकं सगळं कशाला सांगितलंत, सर? त्यांना काय कळणार?”

सर टाकीतल्या पाण्याकडे बघत होते. “शेजारच्या खोलीत कुणाला तरी मारत होते,” ते म्हणाले. “मी थांबलो की ते ऐकू यायचं.”

* * *

शेवटचा किस्सा शंकरच्या आईचा. तो आम्ही क्वचितच काढतो.

शंकरचा थोरला भाऊ पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला. त्यांच्या खेड्यात तारऑफिस नव्हतं, म्हणून घरच्यांनी पलटणीला कॉलेजचा पत्ता दिलेला. बरेच महिने भावाची खुशाली आली नव्हती. तारवाल्याची लाल सायकल फाटकात दिसली, की शंकरचं अर्धं अंग गार पडायचं.

एके दुपारी त्याची आई आली. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं, पाय धुळीने भरलेले. खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “शंकऱ्या, काय कळलं का रं?”

“न्हाई, आये.”

ती आत आली आणि भिंतीशी बसली. बसल्या बसल्या तिची नजर मायक्रोस्कोपवर गेली. “ह्यात काय बघतासा दिसभर?”

सरांनी तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा कसा मिटायचा ते दाखवलं. ती वाकली. मग हळूच म्हणाली, “फिरतंय की वं.”

“हो. बाळ आहे ते, गोगलगायीचं.”

“आन् त्येची आय?”

“ती अंडी घालून निघून जाते, आई. तिला ठाऊकही नसतं पुढे काय होतं ते.”

“ह्येला भ्या वाटत नसंल?”

तेवढ्यात फाटकाशी घंटी वाजली. लाल सायकल. खिडकीतून आम्हा सगळ्यांना दिसली. शंकर जागचा हलेना. सायकल व्हरांड्याला लागली, बूट वाजत वाजत आले, आमच्या दारापाशी घुटमळले, आणि पुढे ऑफिसच्या दिशेने गेले. शंकर धावत मागे गेला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“आये, आपली न्हवती. प्रिन्सिपॉलसायबांची हुती.”

तिने मान वर केली नाही. डोळा तसाच लावलेला, दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट.

“आये, ऐकलंस का? तार आपली न्हवती.”

“आवाज करू नगासा,” ती म्हणाली. “ते थांबलंय. भ्यालंय ते.”